कानातला धागा आणि अंबरनाथचा गाभारा

आमच्या कोल्हापुरात बाईमाणूस बॅग घेऊन निघालं की शेजारी विचारतात, "देवाला का लग्नाला?" मी म्हटलं, "रक्त आणायला." शेजारच्या काकूंनी दारातच कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं कुणीतरी दवाखान्यात आहे. मी हसत हसत रिक्षात बसले. परत आले तेव्हा काकूंनी विचारलं, "मिळालं का रक्त?" तेव्हा मात्र मला उंबऱ्यावरच बसावं लागलं.

२००८ सालचा हिवाळा होता. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत कान तपासण्याचं काम करते. दक्षिणेतली एक प्रयोगशाळा जन्मजात बहिरेपणाचं मूळ शोधत होती. ज्या घराण्यांत एकाहून जास्त मुलं बहिरी आहेत तिथून रक्ताचे नमुने आणायचं काम आमच्यासारख्यांवर सोपवलं होतं. माझ्या वाट्याला अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर हा पट्टा आला. तिन्हींतलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं.

शोधायचं काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्यात बारीक पेशी असतात आणि त्यांच्या डोक्यावर केसांचे झुपके. झुपक्यातले केस लहानमोठे, पायऱ्यांसारखे रचलेले. आणि आखूड केसाचं टोक शेजारच्या लांब केसाला एका धाग्याने बांधलेलं. आवाज आला की केस झुकतात, धागा ताणला जातो, पेशीचं दार उघडतं आणि मेंदूला वर्दी जाते. हा धागा दोन प्रथिनांचा असतो हे तेव्हा नुकतंच पक्कं झालं होतं. वरून कॅडहेरिन-२३ येतं, खालून प्रोटोकॅडहेरिन-१५, आणि मध्ये दोघं एकमेकांना धरतात. यातलं एक जरी बिघडून तयार झालं तरी पकड सुटते. मूल जन्मतःच बहिरं.

प्रशिक्षणात मी एवढं शिकले होते. पुस्तकात त्याखाली आणखी एक ओळ होती: हीच प्रथिनं डोळ्यातही काम करतात. ती मी वाचली होती. अशी माणसं असतात, हे मात्र मला कधी दिसलं नव्हतं.

अंबरनाथ पूर्व

पहिली फजिती स्टेशनातच झाली. मला जायचं होतं पूर्वेला आणि मी उतरले पश्चिमेला. हातात बर्फाचा डबा, त्यात रिकाम्या नळ्या आणि सुया. पूल चढून पलीकडे गेले तर रिक्षावाला डब्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, कुल्फी काय? एक द्या ना, भाड्यात कट करू." मी खरं सांगितलं तसा तो बिचारा घरापर्यंत एक शब्द बोलला नाही.

गायकवाडांचं घर एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. रमेशभाऊ गायकवाड कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. लताताई त्यांच्या पत्नी. दारातच "जय भीम" झालं, मी "जय भीम" म्हटलं, आणि लताताईंनी माझ्या हातातला डबा काढून आधी त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात. इथे थेट चहा आला आणि बटर, म्हणजे पावासारखं गोल, कडक बिस्कीट. चहात बटर बुडवून खायची ही तऱ्हा मला इतकी आवडली की पुढचे सगळे दिवस मी तेच खात राहिले.

त्यांची प्रज्ञा एकवीस वर्षांची. उंच, सावळी, केसांची घट्ट वेणी. जन्मापासून बहिरी, पण बहिऱ्यांच्या शाळेत शिकलेली, मराठी वाचायची, लिहायची. मला खुणांची भाषा येते हे कळल्यावर तिने प्रश्नांची अशी फैर झाडली की माझे हात दुखायला लागले. (यापुढे तिचं बोलणं मी शब्दांत लिहिते, ते हातांचं बोलणं आहे असं समजा.) कोल्हापुरात पाऊस किती? तुमचं लग्न झालंय का? का नाही झालं?

"हिचं ठरलंय," लताताई म्हणाल्या. "माझ्या भावाचा मिलिंद. बदलापूरच्या पुढे गाव आहे आमचं. पोरगा ऐकता-बोलता आहे, टेम्पो चालवतो. लहानपणापासून हिच्याशी खुणांनी बोलतो. बाहेरच्यात दिली असती तर जिवाला घोर लागला असता."

मामाचा मुलगा. आमच्याकडेही नात्यात लग्नं होतात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण त्याच मामाची धाकटी मुलगी, आठ वर्षांची सुजाता, तीही बहिरी होती. एका घराण्यात दोन मुली, म्हणून तर मी आले होते.

रक्त घेताना मी नेहमीचे प्रश्न विचारले. चालायला कधी लागली?

"फार उशिरा हो. शेजारची पोरं धावायची तेव्हा ही बसून असायची. मानही उशिरा धरली," लताताई म्हणाल्या.

तोल सांभाळायच्या इंद्रियातही तसेच केस असतात, तसेच धागे. म्हणजे बिघाड तिथेही होता. मी मान डोलावली. अंदाज जुळला म्हणून मला बरंही वाटलं. त्या क्षणाचं मला आजही नवल वाटतं.

कॅम्प पाच

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने मला तिचं काम दाखवायला नेलं. उल्हासनगरात भाग नावाने नव्हे, नंबराने ओळखतात. कॅम्प पाचमध्ये एका गल्लीत जीन्सच्या शिलाईचा कारखाना होता. आत शिरलं की सगळं निळं. फरशी निळी, पंख्याची पाती निळी, कारागिरांच्या नखांच्या कडाही निळ्या. मशिनींचा आवाज इतका की मी कानात बोटं घातली. प्रज्ञा माझ्याकडे बघून हसली. "म्हणूनच माझं काम सगळ्यांत चांगलं," ती म्हणाली.

मालक सिंधी. वरच्या मजल्यावर त्यांचं घर, तिथे त्यांच्या आईने आम्हाला बसवलं. आधी भाजलेला पापड, मग पाणी. पाहुण्याला पाण्याबरोबर पापड, ही मला नवीनच रीत. मग गरम कोकी आली, कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी, आणि दही. मी दुसरी मागून घेतली.

मालक म्हणाले, "मॅडम, पोरीचा हात एकदम साफ. शिलाई में नंबर वन. पण जरा घमंडी आहे. बाजूने कोणी आलं तर बघतच नाही. परवा मेरी मम्मी को धक्का मारला, सॉरी भी नहीं."

"अरे जाने दे," आई म्हणाल्या, "उसको सुनाई नहीं देता."

"ऐकायला नाही येत, कबूल. दिखता तो है ना?"

खाली उतरताना मी प्रज्ञाच्या डाव्या बाजूने हात हलवला. तिने पाहिलं नाही. थोडा पुढे नेला, तरी नाही. अगदी नाकासमोर आणला तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." उरलेल्या पायऱ्या मी तिच्या पुढे राहून उतरले.

शिवमंदिर

तिसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. "आम्ही देवाला जात नाही," लताताई म्हणाल्या, "पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, कोरीवकाम तरी बघा. प्रज्ञा दाखवेल."

देऊळ पाहून मी थक्क झाले. आमच्या महालक्ष्मीच्या देवळाची मला सवय आहे, पण हे अंगाखांद्यावर मूर्तीच मूर्ती घेऊन उभं होतं. शेजारून वालधुनी नदी वाहते. तिच्या पाण्याच्या वासाने मी पदर नाकाला लावला; भाविक मात्र सवयीने बेलाची पानं विकत घेत होते. प्रज्ञा उन्हात मला एकेक शिल्प दाखवत होती. कुठे नर्तकीचा पाय तुटलाय, कुठे हत्ती हसतोय. तिची नजर समोर कमालीची तीक्ष्ण होती.

इथला गाभारा खाली आहे, सभामंडपातून पायऱ्या उतरून जावं लागतं. प्रज्ञा दाराशी थांबली. "तुम्ही जा," म्हणाली. मला वाटलं, धर्माचा प्रश्न असेल. पण मागून लोक आले, रेटारेटी झाली आणि आम्ही दोघीही दोन-तीन पायऱ्या खाली ढकलल्या गेलो. आत अगदीच काळोख नव्हता. खाली समई होती, वरून थोडा उजेड झिरपत होता. मला पिंड दिसत होती, फुलं दिसत होती, पुजाऱ्याचं जानवं दिसत होतं. मी वळून तिला खूण केली, "सावकाश, पायरी उंच आहे."

ती थेट माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळे सताड उघडे. तिला माझे हात दिसले नाहीत. हातभर अंतरावर होते मी.

मी पुन्हा हात हलवले. तिने एक पाय पुढे टाकला. तिथे पायरी नव्हती.

ती पडली त्या आवाजाने सगळे ओरडले. ती ओरडली नाही. दोघा बायकांनी आणि मी तिला वर आणलं. कपाळ फुटलं होतं. बाहेर उन्हात पायरीवर बसवून मी रुमाल ओला करून दाबून धरला. 

"आत तुला काय दिसलं?" मी विचारलं.

"आत काळोख होता. काळोखात काय दिसणार?"

"मला दिसत होतं."

तिला वाटलं मी थट्टा करतेय, ती हसली. "काळोखात कुणाला दिसतं?"

"थोडं थोडं सगळ्यांना दिसतं, प्रज्ञा. मला तुझा चेहरा दिसत होता."

ती हसायची थांबली. रक्ताचा ओघळ भुवईपर्यंत आला होता, तो तिने पुसला नाही. "आईला दिसतं?"

"हो."

"बाबांना? मिलिंदला?"

"हो."

तेव्हा मला कळलं. एकवीस वर्षं या मुलीला वाटत होतं की दिवा गेला की साऱ्या जगाला काहीच दिसत नाही. तिला हे कोण सांगणार? तिच्याशी बोलायला हात लागतात, आणि हात दिसायला उजेड. अंधारात तिच्याशी कुणी कधी बोललंच नव्हतं. घरचे म्हणायचे, लाईट गेली की पोर घाबरून जागची हलत नाही. ती म्हणायची, सगळेच हलत नसतील.

उल्हासनगरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी तिला तपासलं. औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, बराच वेळ आत बघितलं. मग लताताईंना म्हणाले, "पडद्यावर काळे डाग आलेत. कडेची नजर गेली आहे. समोरचं दिसतंय, पण नळीतून बघावं तसं. ही नळी हळूहळू बारीक होत जाते. याला सध्या औषध नाही." मी ते प्रज्ञाला खुणांनी सांगितलं.

लताताई माझ्याकडे वळल्या. "कान गेले ते गेले. डोळ्यांचं काय मध्येच? कानाचा आणि डोळ्याचा काय संबंध?"

मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. म्हटलं, ही दोन प्रथिनं अशी एकमेकांना धरतात. कानात ती लागतात, तोल सांभाळायला लागतात आणि डोळ्यालाही लागतात. तुमच्या प्रज्ञात बहुतेक यातलंच एक बिघडलंय. रक्ताचा निकाल आला की नक्की कळेल.

त्या माझ्या बोटांकडेच बघत राहिल्या. "एवढ्याशा गोष्टीने?" म्हणाल्या. "एवढ्याशाने?"

रमेशभाऊ कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बदलापूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी मिलिंद टेम्पो घेऊन बदलापूर स्टेशनाबाहेर उभा होता. पंचविशीचा, हसरा, कुरळ्या केसांचा. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. निघण्यापूर्वी लताताईंनी माझा हात धरून सांगितलं होतं, "ताई, लग्नाचं मोडू नका. तिथे काही बोलू नका." मी गप्प राहायचं ठरवलं. पण लताताईंबरोबर प्रज्ञाही आली होती, कपाळावर पट्टी लावून.

रस्ता सुंदर होता. भात कापून झालेलं, शेतं पिवळी, समोर चंदेरीचा सुळका धुरकट निळा. मिलिंद मला झाडं दाखवत होता. मला एकही झाड आठवत नाही.

मामांनी अंगणात बाज टाकून ठेवली होती. "या ताई, वाटंत तरास नाय ना झाला?" तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं असा बेत. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ही भाकरी म्हणजे रुमालच, इतकी मऊ. पण मी पहिला घास मोडला आणि प्रज्ञा उठून मिलिंदसमोर उभी राहिली.

तिने त्याला सगळं सांगितलं. भर अंगणात, सगळ्यांसमोर, स्वच्छ, ठसठशीत खुणांनी. काळोखात मला दिसत नाही. तुला दिसतं हे मला काल कळलं. पुढे उजेडातही दिसणार नाही. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "मुलांचं काय, ते यांना विचार."

मिलिंदचा चेहरा पांढराफटक पडला. तो माझ्याकडे बघू लागला. लताताई पदरात तोंड घालून रडत होत्या. मला बोलणं भाग होतं. म्हटलं, "तुझ्यातही तो दोष लपलेला असू शकतो. हे प्रथिन बनवायच्या कृतीची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून; प्रज्ञाच्या बहुतेक दोन्ही बिघडल्यात. तुझे कान-डोळे चांगले, म्हणजे तुझ्याकडे निदान एक चांगली प्रत आहे. पण दुसरी बिघडलेली निघाली, तर तुमच्या प्रत्येक मुलाच्या वेळी छापा की काटा."

मिलिंद ताटावरून उठला आणि शेताकडे चालू लागला.

मामांनी प्रज्ञाच्या खुणा पाहिल्या होत्या, माझं बोलणं ऐकलं होतं. ते हळूच म्हणाले, "म्हंजे आमची सुजाता?"

सुजाता पायरीवर बसून पेरू खात होती. मामी म्हणाल्या, "तिला माजघरात हात धरून न्यावं लागतं. मी म्हनायची, लहान हाय, भेदरते." आणि बोलता बोलता त्यांना स्वतःच्या वाक्याचा अर्थ लागला. त्यांच्या हातातलं भाकरीचं टोपलं खाली पडलं.

मामा ताडकन उठले. "तुम्ही रक्त न्याया आलाव का आमचं घर जाळाया? नाय देनार रक्त. कोनाचंच नाय. उचला तुमचा डबा!"

 मी खरंच डबा उचलला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. अंगणाबाहेर येऊन मी टेम्पोच्या सावलीत उभी राहिले. कोंबड्या भाकरीभोवती जमल्या होत्या, त्यांना हाकलायलाही कुणी उठत नव्हतं.

तेवढ्यात प्रज्ञाने सुजाताचा हात धरला आणि तिला माजघरात नेलं. खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारी आत काळोख. दोघींना आत काही म्हणजे काही दिसत नसणार. मामी पुढे धावल्या, पण दारातच थांबल्या. आतून धान्याच्या कणगीला काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग शांतता. आणि मग सुजाता खदखदून हसली. बहिरी मुलं हसतात तसं, मोठ्याने, आवाजाची फिकीर नसलेलं.

आम्ही सगळे दाराशी गेलो. प्रज्ञा जमिनीवर बसली होती. तिने सुजाताचे दोन्ही हात आपल्या हातांवर ठेवले होते आणि त्या हातांखाली ती खुणा करत होती. मांजर. पेरू. मामाच्या मिशा. सुजाता त्या खुणा बोटांनी चाचपत होती, ओळखत होती आणि प्रज्ञाच्या हातांत परत करत होती. हे प्रज्ञाला कुणी शिकवलं नव्हतं. देवळातून आल्यापासून तिने विचार करून काढलं होतं.

मामा दारातून मागे फिरले. मग बाजेवर येऊन बसले आणि सदऱ्याची बाही वर केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घ्या. पोरीचंबी घ्या. आनि त्या मिल्याला हाक मारा कोनी."

मिलिंद आला. दंड पुढे केला. नळी भरेपर्यंत त्याची नजर माजघराच्या दारावरून हलली नाही.

कोल्हापूर

निकाल यायला बरेच महिने गेले. कॅडहेरिन-२३. दोन्ही मुलींमध्ये दोन्ही प्रती बिघडलेल्या. मिलिंदमध्ये एक. निकाल पत्राने कळवायचा की फोनने यावर माझा आणि प्रयोगशाळेचा काथ्याकूट चालू होता, तेवढ्यात एका सकाळी मिलिंदच माझ्या दारात उभा राहिला. बदलापूरहून रात्रभर प्रवास करून आला होता.

मी त्याला गूळपाणी दिलं, समोर बसवलं आणि निकाल सांगितला. त्याने मान हलवली. जणू त्याला ते माहीतच होतं.

"लग्न मोडलं ताई," तो म्हणाला. "मी नाही मोडलं. मी तर आठवडाभर विचार करून तिला सांगायला गेलो होतो की करू या. तीच नाही म्हणाली. खुणांत चुकायला नको म्हणून मोबाईलवर टाईप करून दाखवलं: 'तू चांगला आहेस. पण सुजाताला बघते तेव्हा मला माझं बाळ दिसतं. मला ते नाही झेपणार.'"

"मग?"

"खरं सांगू? आधी सुटल्यासारखं वाटलं. मग अंबरनाथ स्टँडवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लोक बघत होते."

प्रज्ञा अजून त्याच कारखान्यात होती. मालकांनी तिचं मशीन खिडकीशी, भरपूर उजेडात हलवलं होतं, आणि त्यांची आई आता समोरून येऊन तिच्या खांद्याला हात लावायची, मगच पुढे जायची. दर रविवारी प्रज्ञा गावी जायची, सुजाताला त्या काळोखातल्या खुणा शिकवायला. घरात सगळे शिकत होते. मामी लवकर शिकल्या. मामांची बोटं जाड, त्यांना जमत नव्हतं.

"आणि तुला?" मी विचारलं.

"मला येतं. परवा सुजाताला तालुक्याला नेलं नाही म्हणून रागावली होती. माजघरात जाऊन बसली. मी आत गेलो, हात पुढे केले, तर ताई, अशी भांडली माझ्याशी!" त्याने आपले दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडले. मनगटाजवळ नखांचे लाल ओरखडे होते. "एवढं बोलली, एवढं बोलली. मला मध्ये एक शब्द टाकू दिला नाही."